चालत्या गाडीत स्टिअरिंग जड झालंय का कधी? अनुभव लिहा

परवा कुंभार्ली घाट उतरताना आमच्या नऊ वर्षांच्या डिझेल गाडीचं स्टिअरिंग दगड झालं. पायथ्याचं पोफळी गाव अजून खाली होतं. बॉनेटमध्ये फटकन काहीतरी आपटलं, बॅटरीचा लाल दिवा लागला आणि पुढच्या वळणावर चाक फिरेचना. फिरेचना म्हणजे, मी नेहमीसारखी एका हाताने फिरवायला गेले. वाटलं, लॉकच झालं. घड्याळात पावणेतीन वाजल्यासारखे दोन्ही हात ठेवून अंगाचा भार टाकला तेव्हा वळलं, पण तोवर गाडी मधली रेघ ओलांडून गेली होती. समोरून कोणी आलं नाही, एवढंच. मागे सासूबाईंचं रामरक्षेचं पहिलं आवर्तन संपायच्या आत दुसऱ्या गिअरवर, चारही इंडिकेटर लावून, रुंद जागा बघून थांबले.

इंजिनवरचा पट्टा (बेल्ट) तुटला होता. चाक हलकं करणारा पॉवर स्टिअरिंगचा पंप आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, दोन्ही त्याच्यावरच. तुमचं काय झालं, काय चुकलं, तेही मोकळेपणाने लिहा.

पाना-पक्कड
ताई, टेंपरेचरचा काटा बघितलात का? बऱ्याच गाड्यांत इंजिन थंड ठेवणारा वॉटर पंपसुद्धा त्याच पट्ट्यावर असतो. "जड आहे, पण चालतंय" म्हणत लोक गाडी रेटत आणतात आणि इंजिन तापवून हेड गॅस्केट (इंजिनच्या आतलं सील) घालवून बसतात. पट्ट्याच्या कामाला आलेलं गिऱ्हाईक इंजिन उघडून जातं. पट्टा शाबूत असून फक्त स्टिअरिंगचं ऑईल गळालं असेल तर सावकाश चालवता येते, पण कोरडा पंप फार वेळ फिरला की तोही जातो. सकाळी पूर्ण वळवताना कुंईकुंई किंवा घरघर येत असेल तर आधी बरणीतलं ऑईल बघा.

घाटकर
लाज वाटते, पण लिहितो. आंबा घाटातून साखरप्याकडे उतरताना डिझेल वाचवायला गाडी बंद करून न्यूट्रलवर सोडायची सवय होती. एका वळणाला स्टिअरिंग जड, आणि ब्रेक दोनदा नीट लागून तिसऱ्यांदा पेडल लाकडासारखं. इंजिन बंद, म्हणजे ब्रेकच्या बूस्टरला, म्हणजे पेडल हलकं करणाऱ्या भागाला, व्हॅक्यूम नाही. उरलेला मी उगाच पंप मारून संपवला. घाबरून किल्लीला हात घातला तो उलटीकडे फिरवायला. किल्ली निघाली असती तर स्टिअरिंग खरंच लॉक झालं असतं. बायको ओरडली म्हणून भानावर आलो. न्यूट्रल होतंच, किल्ली पुढे फिरवली, इंजिन लागलं, दोन्ही परत आलं. किती डिझेल वाचलं असेल? वाटीभर.

एसटीवाल्याची लेक
बाबा एसटीत ड्रायव्हर होते. त्यांची उमेदीची वर्षं बिनपॉवरच्या गाड्यांवर गेली. दंड बघून कळायचं. मला शिकवताना एकच धोशा, "उभ्या गाडीत स्टिअरिंगशी कुस्ती खेळू नको. चाक जरा घरंगळू दे, मग फिरव." गेल्या पावसाळ्यात नाशकात सिग्नलला माझी गाडी सुटता सुटता स्टिअरिंग जड झालं. स्टिअरिंग इलेक्ट्रिक मोटरवालं आहे, पंप-ऑईल काही नाही. डॅशबोर्डवर चाकाचं चित्र आणि उद्गारचिन्ह. पहिल्या गिअरवर रांगत डावीकडे पेट्रोल पंपावर घेतली. दोष निघाला उंदराचा. वायर कुरतडली होती.

जुना गडी
आम्ही मारुती ८०० चालवलेली माणसं, आम्हाला काय त्याचं!

पाना-पक्कड
काका, फरक आहे. ८०० हलकी, टायर बारीक आणि स्टिअरिंग बिनपॉवरचंच बनवलेलं. पॉवरवाल्या गाडीत मदत गेली की तुम्ही स्टिअरिंगमधलं ऑईल किंवा बंद पडलेली मोटरसुद्धा ढकलत असता. वेगात एवढं जाणवत नाही. वेग कमी झाला की खरा भार येतो. म्हणून थांबायची जागा लांबूनच हेरायची. पार्किंगच्या कोपऱ्यात शेवटच्या क्षणी वळायला गेलात तर भिंत गाठाल.

ठाणेकर
माझं वेगळंच. सोसायटीच्या चिंचोळ्या पार्किंगमध्ये वीसेक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, तेव्हा स्टिअरिंग जड. इलेक्ट्रिक स्टिअरिंगची मोटर तापली की गाडी आपणहून मदत कमी करते म्हणे. दहा मिनिटं बंद ठेवली, पूर्ववत. पण हायवेवर जड झालं असतं तर "बंद करून बघू" हा प्रयोग मी चालत्या गाडीत नक्की केला असता. आता घाटकरांचं वाचून करणार नाही.

धागाकर्ती
@पाना-पक्कड, काटा नाही बघितला, खरं सांगते. आमच्या इंजिनात वॉटर पंप टायमिंग बेल्टवर, म्हणजे इंजिनातल्या वेगळ्या पट्ट्यावर आहे म्हणून निभावलं. तुटलेला पट्टा मेकॅनिकने हातात दिला. आतून आडव्या भेगा, नखाने खरवडलं तरी काळा चुरा पडतो. घरी येऊन मागच्या सर्व्हिसिंगचं बिल काढलं, चार महिन्यांपूर्वीचं. त्यावर "बेल्ट चेक" समोर टिकमार्क आहे.