शब्दचर्चा: एसटीच्या दाव्यांतली ‘पुनःस्थापना’, ‘सेवासातत्य’ आणि ‘कायम’

फलाट क्र. ७

‘बडतर्फ वाहकाला न्यायालयाचा दिलासा, पुन्हा कामावर घेण्याचे आदेश’ अशा मथळ्याची बातमी दर महिन्या-दोन महिन्यांनी येते. मूळ आदेश काढून पाहिला तर तिथे ‘सेवासातत्यासह, परंतु मागील वेतनाविना पुनःस्थापना’ असे काहीतरी असते. कामगार संघटनांच्या पत्रकांत याच अर्थाने ‘पुनर्नियुक्ती’, ‘पुन्हा रुजू’, ‘फेरनेमणूक’ असे शब्द सर्रास वापरतात. हे सगळे शब्द एकाच अर्थाचे आहेत का? तसेच बडतर्फी, सेवासमाप्ती, सेवामुक्ती आणि ‘कमी करणे’ यांत नेमका फरक काय? राज्य परिवहनातले किंवा कामगार न्यायालयात वावरणारे कोणी असतील तर नीट फोड करून सांगावे.

पोटकलम

एकाच अर्थाचे मुळीच नाहीत. एका शब्दाने लाखांचा फरक पडतो.

पुनःस्थापना म्हणजे नोकरीतून काढण्याचा आदेशच रद्द झाला आणि माणूस होता त्या पदावर, होता त्या जागी परत आला. पुनर्नियुक्ती किंवा फेरनेमणूक म्हणजे आजच्या तारखेपासून नवी नेमणूक. मागची नोकरी संपली ती संपलीच, ज्येष्ठता यादीत नाव तळाशी. महामंडळ कधीकधी आवेदनात ‘सहानुभूतीपूर्वक विचार करून’ फेरनेमणूक देते. तिथे सही करण्याआधी आदेशातला शब्द वाचायलाच हवा. एकदा ती अटींसह स्वीकारली की जुन्या सेवेवर हक्क सांगणे फार अवघड होते.

आता सेवासातत्य. पुनःस्थापना झाली म्हणजे सेवासातत्य आपोआप आले, असा समज सार्वत्रिक आहे. आंध्र प्रदेश राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या कर्मचाऱ्यांची दोन प्रकरणे सर्वोच्च न्यायालयात गेली होती, ती इथे पाहावीत. २००३ च्या निकालात आदेश होता ‘सेवासातत्यासह, मागील वेतनाविना’. कर्मचाऱ्याचे म्हणणे, मधल्या वर्षांच्या वेतनवाढी कागदोपत्री धरून आजचे मूळ वेतन ठरवा. न्यायालय म्हणाले, सेवासातत्य दिले याचा अर्थ सेवेत खंड धरला जाणार नाही एवढाच. गैरहजेरीच्या काळातल्या वेतनवाढी हव्या असतील तर आदेशात तसे स्पष्ट लिहिलेले हवे. २००५ च्या निकालात तर नुसतीच ‘पुनःस्थापना’ लिहिली होती, आणि तेवढ्यावरून सातत्याचे लाभ मिळत नाहीत असे ठरले.

म्हणून मागणीच्या परिच्छेदात ‘पुनःस्थापना, सेवासातत्य, मागील वेतन, आणि मधल्या काळातील वेतनवाढी व इतर आनुषंगिक लाभ’ असे एकेक सुटे मागतात. ‘व अन्य योग्य ती दाद’ या शेपटावर विसंबून राहिले की आठ-दहा वर्षांनी वेतननिश्चितीच्या वेळी घोळ निघतो. आदेश हाती आला की ज्या अंतिम परिच्छेदात हुकूम लिहिलेला असतो तो आधी वाचावा. आधीच्या वीस पानांत न्यायाधीशांनी कितीही सहानुभूती दाखवलेली असो, लेखाशाखा तो एकच परिच्छेद बघते.

लेखाजोखा

वरच्यात ‘मागील वेतन’ या शब्दाबद्दल भर घालतो. काही जण ‘पूर्ववेतन’ लिहितात, ते टाळावे. त्यातून पूर्वी मिळत असलेला पगार असा अर्थ निघतो. काढल्याच्या तारखेपासून परत घेतल्याच्या तारखेपर्यंतचा, न मिळालेला पगार म्हणजे मागील वेतन.

ते मिळवताना एक गोष्ट हमखास राहून जाते. आपण या काळात कुठेही लाभदायक कामावर (म्हणजे कमाईच्या कामावर) नव्हतो, हे कर्मचाऱ्याने तक्रारीत लिहायला हवे आणि साक्षीत शपथेवर सांगायलाही हवे. तेवढे केले की तो कुठेतरी कमावत होता हे दाखवण्याचा भार महामंडळावर जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात हे सविस्तर मांडले आहे, आणि एसटीच्या दाव्यांत तो निकाल सतत दाखवतात. सरतपासणीच्या (स्वतःच्या साक्षीच्या) शपथपत्रात ते वाक्यच नसेल तर चांगल्या प्रकरणातही मागील वेतन २५ टक्क्यांवर येते किंवा शून्य होते.

याचा चुलतभाऊ म्हणजे ‘१७-ब चे वेतन’. कामगार न्यायालयाने पुनःस्थापना दिली आणि महामंडळ उच्च न्यायालयात गेले, तर तिथले प्रकरण संपेपर्यंत शेवटच्या दराने पगार देण्याची तरतूद औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम १७-ब मध्ये आहे. त्यासाठीही ‘मी कुठे नोकरीला नाही’ असे शपथपत्र लागते. त्या रकमेला मागील वेतन म्हणू नये. तो तात्पुरता निर्वाह आहे. दरही काढल्या दिवशीचाच, नव्या करारातली वाढ त्यात नसते. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. चालू असलेल्या बहुतेक जुन्या प्रकरणांत मात्र १९४७ च्या अधिनियमाचेच कलम क्रमांक दिसतील, म्हणून तेच देतो आहे.)

पोटकलम

दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. ‘बडतर्फ’ हा फारसी ‘बर-तरफ’वरून आलेला, बाजूला सारलेला या अर्थाचा. आज तो फक्त शिक्षा म्हणून नोकरीतून काढण्यासाठी वापरायचा. त्यामागे गैरवर्तनाचा ठपका असतो, आरोपपत्र आणि चौकशी असते.

सेवासमाप्ती हा मोघम शब्द आहे, आणि मोघम असल्यामुळेच रोजंदार व परिवीक्षेवरच्या (चाचणी काळातल्या) लोकांसाठी तो वापरला जातो. ‘आपल्या सेवेची आवश्यकता नसल्याने’ अशा एका ओळीत काम होते. ठपका नाही म्हणून चौकशी नाही, असा त्यामागचा युक्तिवाद. न्यायालय मात्र शब्दाच्या आड काय आहे ते पाहते. आदल्या आठवड्यात मार्ग तपासणी पथकाचा अहवाल आला असेल आणि लगेच ‘साधी’ सेवासमाप्ती झाली असेल, तर ती वेषांतर केलेली बडतर्फी ठरू शकते. कायम कर्मचाऱ्याला केवळ महिन्याची नोटीस देऊन घरी पाठवण्याचा अधिकार दिल्ली परिवहन महामंडळाच्या विनियमात होता. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० मध्ये तो घटनाबाह्य ठरवला.

‘कमी करणे’ म्हणजे कामगार कपात. इथे त्याच १९४७ च्या अधिनियमाचे कलम २५-फ येते: कारणासह महिन्याची नोटीस किंवा त्याऐवजी महिन्याचा पगार, आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे ३ वर्षे ७ महिने झाले असतील तर ६० दिवसांचा पगार. पैसे काढतानाच द्यावे लागतात, धनादेश पुढच्या महिन्यात पाठवला तर कपात बेकायदा. हा हक्क लागायला १२ महिन्यांत २४० दिवस भरावे लागतात, आणि त्यात पगारी सुट्ट्या व साप्ताहिक सुट्ट्याही मोजतात. हजेरीपटावरचे नुसते कामाचे दिवस मोजून २२० दाखवले जातात, तिथे हा हिशेब पुन्हा करून पाहावा.

सेवामुक्ती ठपक्याविना असते. वैद्यकीय अपात्रता वगैरे कारणांनी.

आगार व्यवस्थेतला

वाहकांच्या आरोपपत्रांतल्या शब्दांबद्दल कोणी लिहिलेले नाही म्हणून लिहितो. खरी लढाई तिथेच असते.

‘प्रवाशांना तिकिटे दिली नाहीत’ आणि ‘प्रवाशांकडून भाडे वसूल करून तिकिटे दिली नाहीत’ ही दोन वेगळी गैरवर्तने आहेत. पहिले हलगर्जीपणात मोडू शकते; गर्दी होती, गाडी पुढच्या टप्प्याला पोचली तरी वाटप संपले नव्हते वगैरे. दुसऱ्याला अपहार म्हणतात. पथकाचा अहवाल लिहिणारा घाईत पहिले वाक्य लिहितो आणि आरोपपत्रात दुसरे अवतरते. बचाव करणाऱ्याने अहवाल, प्रवाशांचे जबाब आणि आरोपपत्र शेजारी ठेवून शब्दन्‌शब्द ताडून पाहावा.

त्यानंतर रोकड. समजा तिकीट यंत्रावरची विक्री ३,२४० रुपये, वेबिलवर (वाहकाच्या फेरीच्या हिशेबपत्रकावर) नोंदवलेली खाजगी रोकड, म्हणजे वाहकाचे स्वतःचे पैसे, १०० रुपये. पिशवीत ३,३४० हवेत. चार प्रवाशांकडून प्रत्येकी ४५ रुपये घेऊन तिकीट दिले नसेल तर १८० रुपये जादा, म्हणजे ३,५२० सापडले पाहिजेत. बरोबर ३,३४० सापडले तर ‘भाडे वसूल करून’ हे शब्द डळमळतात. पथकाने रोकड मोजलीच नाही तर तो अहवालातला मोठा दोष. खाजगी रोकड कामगिरी सुरू होतानाच लिहिली नसेल तर स्वतःचेच पैसे ‘जादा रोकड’ ठरतात.

प्रवासी चौकशीत साक्षीला आले नाहीत म्हणून आरोप कोसळतो, असे समजू नका. हरियाणा रोडवेजच्या वाहकाच्या १९७७ च्या निकालापासून हे पक्के आहे: खातेनिहाय चौकशीला पुरावा कायद्याचे काटेकोर नियम लागत नाहीत, तपासणाऱ्याची विश्वासार्ह साक्ष ‘काहीतरी पुरावा’ म्हणून पुरते. रक्कम किरकोळ आहे हा बचावही फारसा चालत नाही. ईशान्य कर्नाटक महामंडळाच्या वाहकाची बडतर्फी ३६० रुपये ९५ पैशांसाठी २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली.

फलाट क्र. ७

फार उपयोगी माहिती. ‘आवेदन’ हा शब्द वर आला आहे. तो अर्ज या अर्थी का?

आगार व्यवस्थेतला

नाही. एसटीत ‘शिस्त व आवेदन कार्यपद्धती’ म्हणतात, तिथे आवेदन म्हणजे शिक्षेविरुद्ध वरच्या अधिकाऱ्याकडे केलेले अपील. बाहेर सरकारी मराठीत ‘अपील’ रुळले आहे, एसटीने आपला शब्द धरून ठेवला. हिंदीच्या सवयीने तो ‘अर्ज’ असा वाचणारे ‘नोकरीसाठी अर्ज केला’ असा उलटाच अर्थ लावतात.

इथे एक सावधगिरी. आवेदन प्रलंबित आहे म्हणून न्यायालयाची मुदत थांबत नाही. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा कायद्याखाली तक्रार घटनेपासून ९० दिवसांत करायची असते. उशीर माफ होऊ शकतो, पण सबळ कारण दाखवून.

पोटकलम

तो कायदा निघालाच आहे तर न्यायालयांची नावेही सरमिसळ होतात. बडतर्फीची तक्रार (अनुसूची ४, बाब १) कामगार न्यायालयात. पक्षपात, वर्षानुवर्षे ‘बदली’ (दुसऱ्याच्या जागी काम करणारा) वा हंगामी ठेवणे, करार न पाळणे (बाबी ५, ६, ९) या औद्योगिक न्यायालयात. ‘कामगार कोर्टात’ म्हणून दोन्ही एकच धरतात आणि तक्रार चुकीच्या दारात जाते.

बडतर्फीच्या तक्रारीत दोन प्राथमिक मुद्दे आधी निघतात: चौकशी न्याय्य व योग्य होती का, आणि निष्कर्ष ‘विपर्यस्त’ आहेत का. विपर्यस्त म्हणजे नुसते चुकीचे नव्हे. कोणताही समंजस माणूस त्या पुराव्यावरून तिथे पोचणार नाही असे. चौकशी सदोष ठरली तरी कर्मचारी तिथेच जिंकला असे होत नाही. महामंडळाला न्यायालयासमोर गैरवर्तन नव्याने सिद्ध करता येते, मात्र ती मुभा साधारणपणे पहिल्याच कैफियतीत (लेखी उत्तरात) मागून ठेवावी लागते. कर्नाटक राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या प्रकरणात २००१ मध्ये घटनापीठाने हे ठरवले.

कलमदान

‘कायम’ आणि ‘नियमित’ हेही घ्या. हंगामी कर्मचाऱ्यांना कायम करण्याबाबतच्या उमादेवी निकालात (१० एप्रिल २००६) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की नियमित करणे म्हणजे कायम करणे नव्हे. नियमितीकरणात नेमणुकीच्या पद्धतीतली त्रुटी दुरुस्त होते, कायमपणा हा सेवेच्या स्वरूपाचा प्रश्न. शिवाय त्रुटी असलेली ‘अनियमित’ नेमणूक दुरुस्त होऊ शकते, मुळातच ‘अवैध’ असलेली नाही. मराठी बातम्यांत दोन्हींना ‘बेकायदा भरती’ म्हणतात, तिथे सगळा मुद्दाच हरवतो.

उमादेवीनंतर एसटीने म्हणणे मांडले की आता कोणालाच कायम करता येणार नाही. गाड्या धुणाऱ्या स्वच्छकांच्या प्रकरणात २८ ऑगस्ट २००९ ला सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. पदे अस्तित्वात असताना लोकांना कायमपणाचे लाभ मिळू नयेत या हेतूने वर्षानुवर्षे हंगामी ठेवले असेल, तर ती बाब ६ खाली अनुचित प्रथा. आणि ती सिद्ध झाल्यावर कायम करण्याचा औद्योगिक न्यायालयाचा अधिकार उमादेवीने काढून घेतलेला नाही. ‘पदे अस्तित्वात’ हे शब्द सोडू नका. मंजूर पदांची माहिती अर्जाला जोडलेली नसेल तर हा निकाल दाखवून काही होत नाही.

एसटीत आणखी एक आकडा चालतो, १८० दिवस. १९५६ च्या समझोत्यातील कलम ४९ प्रमाणे तेवढी सलग सेवा झाली की रोजंदार समयवेतनश्रेणीवर (ठरावीक वेतनवाढी असलेल्या मासिक पगारावर) येतो. त्याचा २४० शी घोळ घालतात. २४० कपातीपासून संरक्षण देतात, १८० वेतनश्रेणी. कायमपणा दोन्हींतून आपोआप येत नाही.

लेखाजोखा

जाता जाता ‘विलीनीकरण’. २०२१-२२ च्या संपात हा शब्द घराघरांत पोचला, पण त्यात दोन मागण्या मिसळल्या होत्या: महामंडळ शासनात विलीन करा, आणि आम्हाला शासकीय कर्मचारी करा. महामंडळ १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ अधिनियमाखालचे आहे. ते गुंडाळायचे तर कलम ३९ प्रमाणे केंद्राची पूर्वमान्यता घेऊन राज्याला आदेश काढावा लागतो. आंध्र प्रदेशने वेगळी वाट धरली. २०१९ मध्ये कायदा करून १ जानेवारी २०२० पासून कर्मचारी शासनसेवेत घेतले, महामंडळ मात्र तसेच ठेवले. त्याला ‘समावेशन’ म्हणावे; विलीनीकरण म्हटले की महामंडळच उरले नाही असा अर्थ होतो. समावेशनात नियुक्ती प्राधिकारी शासन होते, त्यामुळे संविधानाच्या अनुच्छेद ३११ चे संरक्षण लागते. महामंडळाच्या कर्मचाऱ्याला ते नाही. त्याचा आधार विनियम, करार आणि कामगार कायदे.