लांबची पायी वाट पुरी झाली, हे कशावरून ठरवलेत? (अनुभव धागा)

गोव्यातून दूरवर चालत जाणाऱ्यांची संख्या आपल्याला वाटते त्याहून मोठी आहे. आषाढीला पंढरपूरला जाणाऱ्या दिंड्या आहेत, शिर्डीच्या पदयात्रा आहेत, डिसेंबरच्या फेस्तासाठी (ख्रिस्ती सणासाठी) जुन्या गोव्याला पायी येणारे यात्रेकरू आहेत, आणि अलीकडे पाठीला पिशवी लावून हिमालयात किंवा परदेशातल्या नावाजलेल्या वाटांवर जाणारी मंडळीही आहेत. मात्र या सर्वांचे लेखन वाचताना एक गोष्ट खटकते. तयारी, बूट आणि पहिला दिवस यांवर पानेच्या पाने असतात आणि शेवट मात्र ‘अखेर पोहोचलो’ एवढ्यावर आटोपलेला असतो. म्हणून येथे केवळ शेवटाबद्दल लिहावे, अशी विनंती आहे. वाट पुरी झाली हे कोणी ठरवले, मधला तुकडा वाहनाने किंवा होडीने ओलांडला असेल तर तो हिशेबात कसा धरला, आणि नंतरचे दिवस कसे गेले, ते सांगा. सामानाच्या याद्या कृपया नकोत. त्या पुष्कळ झाल्या आहेत.

पेडणे, माध्यमिक शाळेतील भूगोलाचे शिक्षक

मी गोव्याचा किनारा तेरेखोलपासून पोळेपर्यंत चाललो. पुस्तकात या किनाऱ्याची लांबी साधारण १०५ किलोमीटर दिलेली असते. पायांना पडते ती बरीच जास्त, कारण नद्यांची मुखे, कड्यांची टोके आणि कुंपण घातलेल्या जागा टाळण्यासाठी पुनःपुन्हा आत वळावे लागते. होडीचा जो प्रश्न धाग्यात विचारला आहे, तो माझ्यापुढे अगदी आरंभीच उभा राहिला. तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तर तीरावर आहे आणि पुढची सारी किनारपट्टी दक्षिण तीरावर, त्यामुळे चाल सुरू होते न होते तोच केरीला येण्यासाठी फेरीबोटीत चढावे लागते. पुढे शापोरा पुलावरून ओलांडली, मांडवी बेती–पणजी फेरीने आणि जुवारी बसने. फेरी मी चालीचाच भाग मानली, बस मानली नाही. किनाऱ्याने जाणारा माणूस पूर्वापार तरीनेच नदी ओलांडत आला आहे, एवढेच समर्थन माझ्याजवळ आहे, आणि ते मला पुरते. जुवारीचा तुकडा मात्र माझ्या वहीत आजही लाल शाईने लिहिलेला आहे.

मुरगाव बंदर आणि दाबोळीचा नौदलाचा परिसर आल्यावर किनारा सोडून डांबरी रस्ता धरावा लागतो, हे ठाऊकच होते. ज्याची कल्पना नव्हती ते वेळसांवनंतर आले. तिथून मोबोरपर्यंत सुमारे २५ किलोमीटर सलग पुळण आहे आणि नकाशावर हा टप्पा सर्वांत सोपा दिसतो. दक्षिणेकडे चालताना समुद्र उजव्या हाताला असतो, पुळण त्याच बाजूला उतरती असते, आणि त्यामुळे उजवा पाय तासन्‌तास खालच्या अंगाला पडत राहतो. कोलव्यापर्यंत काही जाणवले नाही. बाणावलीला डावा गुडघा बोलू लागला आणि वार्क्याला मी तो टॉवेलने आवळून बांधला. उपाय एकच असतो, तो म्हणजे ओहोटीला पाण्यालगतच्या घट्ट, सपाट वाळूवरून चालणे. ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे चालणाऱ्याचा दिवसही तिच्याबरोबर सरकत जातो आणि जेवणाच्या वेळा कोलमडतात.

शेवट लोलयेच्या जांभ्या दगडाच्या पठारावरून उतरल्यावर पोळे येथे झाला. भूगोल शिकवणाऱ्याला सीमेची खूण पाहण्याची हौस असते. मला पुळणीवर तशी काही दिसली नाही. खडकाच्या अलीकडचे पाणी गोव्याचे आणि पलीकडचे कर्नाटकाचे, एवढे मनाशी म्हणून मी महामार्गावर आलो आणि तपासणी नाक्याजवळ काणकोणच्या बसची वाट पाहत उभा राहिलो. आनंद झाला का, असे मुलांनी वर्गात विचारले होते. झाला, पण तो तिथे नव्हे. पुढच्या आठवड्यात नकाशावर किनाऱ्याची रेषा शिकवताना प्रत्येक वळणाशी जमीन कशी आहे हे मी पुस्तक न बघता सांगू लागलो, तेव्हा झाला.

रायबंदर, फेरीबोटीवरील निवृत्त कर्मचारी

मास्तर, तुमचा फेरीचा हिशेब मला मान्य आहे, पण सर्वांनाच तो मान्य नसतो. नोव्हेनाच्या, म्हणजे फेस्तापूर्वीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या, दिवसांत चोडणहून येणाऱ्या फेरीवर जुन्या गोव्याला चालत निघालेले लोक असत, पुष्कळसे अनवाणी. त्यांतले काही जण बाकावर बसत नसत. पलीकडचा धक्का येईपर्यंत ते गाड्यांच्या मधल्या जागेतून पुढे-मागे फेऱ्या मारत राहत, म्हणजे चाल खंडित होऊ नये. आम्ही त्यांना बाजूला व्हा म्हणून सांगत असू, कारण फळी पडताना दुचाकीवाले घाई करतात.

म्हार्दोळ, गृहिणी

आमच्या नर्मदा परिक्रमेत होडी ही सवलत नसून नियमाचाच भाग आहे. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि तिचे पात्र कुठेही ओलांडायचे नाही, हे मुख्य बंधन. उपनद्या ओलांडता येतात. ओंकारेश्वरहून दक्षिण तीराने पश्चिमेकडे समुद्रापर्यंत जायचे, तिथे खाडीच्या मुखातून होडीने उत्तर तीरावर मिठी तलाईला उतरायचे, मग उत्तर तीराने पूर्वेला अमरकंटकपर्यंत, उगमाला वळसा घालून पुन्हा दक्षिण तीराने ओंकारेश्वर. नदीची लांबी १३१२ किलोमीटर आहे, त्यामुळे दोन्ही तीर मिळून अडीच हजार किलोमीटरांहून अधिक चाल होते. शास्त्राप्रमाणे तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस सांगितले आहेत. आजकाल बहुतेक जण चातुर्मास टाळून एका हंगामात पुरी करतात, मीही तसेच केले.

पुरी झाली हे कशावरून कळते, याचे उत्तर आमच्याकडे अगदी रोखठोक आहे. ओंकारेश्वराचे मंदिर नदीतल्या बेटावर आहे. परिक्रमेत असताना बेटावर जाणे म्हणजे पात्र ओलांडणे, म्हणून सुरुवातीला दक्षिण तीरावरूनच निघावे लागते आणि समोर दिसणाऱ्या शिखराला लांबूनच हात जोडावे लागतात. सगळ्या वाटेत मी काचेच्या कुपीत नर्मदेचे पाणी जपले होते. जागोजागी त्यातले थोडे ओतून ताजे भरायचे, अशी रीत आहे. परत आल्यावर ती कुपी घेऊन पुलावर पाय ठेवायचा. माझ्यापुढे चाललेल्या सातारच्या एक मावशी पुलाच्या तोंडाशी थांबल्या आणि मागे वळून म्हणाल्या, “जाऊ का गं? कोणी ओरडणार नाही ना?” इतके महिने जे टाळले होते ते करायला पाय धजत नव्हते. मग ओंकारेश्वराला जल वाहिले, कन्यांना भोजन घातले, कढई केली म्हणजे शिऱ्याचा प्रसाद केला, आणि परिक्रमा संपली.

घरी आल्यानंतरचे सांगते, कारण त्याबद्दल कोणी लिहीत नाही. चालण्याची सवय पंधरा दिवसांत मोडली. घेण्याची सवय मोडायला जास्त काळ लागला. वाटेत आश्रमात, शाळेच्या व्हरांड्यात, अनोळखी घरी जे पानात पडेल ते खाल्ले होते. घरी आल्यावर आज काय करू, हा प्रश्न मला कोणी विचारला की रडू येई. बस बोरीच्या पुलावर चढली की पहिल्या काही वेळा मी नकळत उजवीकडे पाहत असे.

मडगाव, संगणक अभियंता

नोकरीनिमित्त अमेरिकेत असताना मी अपालाचियन ट्रेल तुकड्यातुकड्यांनी, सुट्टी मिळेल तशी, काही वर्षांत पुरी केली. जॉर्जियातल्या स्प्रिंगर पर्वतापासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत चौदा राज्यांतून जाणारी सुमारे साडेतीन हजार किलोमीटरांची ही वाट १९२१ साली बेंटन मकाय यांनी सुचवली आणि १९३७ साली ती सलग झाली. झाडांवर रंगवलेले पांढरे उभे पट्टे तिची दिशा दाखवतात. रायबंदरच्या काकांनी लिहिलेले वाचून मला मेनमधली केनेबेक नदी आठवली. वरच्या धरणातून पाणी सुटले की ती अचानक चढते, म्हणून तिथे पायी उतरू नये असे सांगतात आणि वाट सांभाळणाऱ्या संस्थेने ठेवलेल्या छोट्या होडीने पलीकडे नेतात. त्या होडीच्या तळावर आतून तोच पांढरा पट्टा रंगवलेला असतो. म्हणजे होडी हीच अधिकृत वाट. हा वाद त्यांनी रंगाच्या एका फटकाऱ्याने मिटवला, हे मला फार आवडले.

पूर्ततेबद्दल त्या संस्थेचे धोरणही ऐकण्यासारखे आहे. एका दमात चाला किंवा तुकड्यांनी, कोणत्याही दिशेने चाला, सगळी वाट चाललो असे तुम्ही लिहून दिले की ते मानले जाते. तपासणी नाही. गंमत अशी की कोणी विचारणार नाही हे कळल्यावरच मी व्हर्जिनियातला, पावसामुळे मोटारीने टाळलेला एक लहान तुकडा पुन्हा जाऊन चाललो. कटाडिनचा माथा १६०० मीटरांहून थोडा उंच आहे आणि वाट तिथेच, लाकडी फलकापाशी संपते. छायाचित्र काढून झाल्यावर आठेक किलोमीटर खडकांतून खाली उतरायचे असते. ते कोणत्याच हिशेबात नाही आणि गुडघ्यांना तेच सर्वांत जड जाते.

वाळपई, शेतकरी

वारी पुरी झाली असे आमच्या दिंडीत कोणी म्हणत नाही, पण म्हणून तिला शेवट नसतो असेही नाही. आमचा शेवट तिथी ठरवते. सत्तरीतल्या केरीहून चोर्ला घाट चढून कणकुंबी, जांबोटी, बेळगाव, पुढे मिरज, सांगोला असे जाताना लवकर पोहोचलो तरी वारी संपत नाही आणि उशीर झाला तर एकादशी थांबत नाही. त्यामुळे घाटात धुक्याने वाट दिसत नसली, पावसाने अंथरुणे भिजली, तरी मुक्काम गाठावाच लागतो. एकट्याने चालणारे वेग स्वतः ठरवतात. आमच्याकडे सर्वांत मागच्या म्हाताऱ्या माणसाचा जो वेग तोच दिंडीचा.

पंढरपुरात दर्शनाची रांग गोपाळपूरपर्यंत गेलेली असते. पहिल्या वर्षी मी रांगेत उभा राहण्याचा हट्ट धरला, तेव्हा आमचे दिंडीचालक शांतपणे म्हणाले, “चंद्रभागेत स्नान कर, कळसाकडे बघ आणि ये जेवायला. रखुमाईच्या नवऱ्याला तू आलेला कळलंय.” अनेक जुने वारकरी कळसदर्शनावरच थांबतात, आणि आता मीही. पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला की आमची बस निघते. चालत गेलेली वाट झोपेत मागे पडते आणि सकाळी घाटातल्या वळणांनी जाग येते.

माझ्यासाठी नंतरचे दिवस असे काही नसतातच, कारण रोपे तयार असतात आणि लावणी खोळंबलेली असते. टाचांना भेगा आणि शेतात चिखल, हे आषाढाचे दुसरे दर्शन म्हणायचे. घरचे लोक तेलात मेण कढवून ठेवतात. त्याहून चांगले औषध मला माहीत नाही.

म्हापसा, परिचारिका

मी लिस्बनला नोकरीला असताना आसगावच्या एका ख्रिस्ती मैत्रिणीबरोबर पोर्तुगालमधल्या पोर्तोहून स्पेनमधल्या सांतियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्रापर्यंत चालले. पिवळ्या बाणांच्या मागे जायचे, ही सगळी पद्धत. वालेन्सा आणि तुय यांच्यामध्ये मिन्यो नदीवरचा पूल ओलांडला की स्पेन लागतो आणि घड्याळ एक तास पुढे करावे लागते, म्हणजे न चालता एक तास खर्ची पडतो.

तिथे पूर्ततेचा पुरावा कागदावर मागतात. यात्रेकरूच्या पुस्तिकेत ठिकठिकाणचे शिक्के घ्यायचे, आणि आम्ही गेलो तेव्हाच्या नियमानुसार सांतियागोपूर्वीचे अखेरचे शंभर किलोमीटर पायी चाललेले असले, त्यात रोजचे दोन शिक्के असले, की लॅटिनमधले प्रमाणपत्र मिळत असे. हा नियम मला पटला नाही. फ्रान्सच्या सीमेपासून सहाशे-सातशे किलोमीटर चालून पाय निकामी झाल्याने शेवटचा टप्पा बसने आलेल्या माणसाला काही नाही, आणि तुयला उतरून चालू लागलेल्याला सन्मान. कार्यालयात यात्रेचे कारण विचारतात. माझी मैत्रीण लगेच ‘धार्मिक’ म्हणाली. मी हिंदू आहे, आणि तरीही आदल्या दिवशी पाद्रोन गावातल्या देवळात मी तिच्याइतकाच वेळ बसले होते. मी ‘आध्यात्मिक’ या चौकटीत खूण केली. खिडकीतल्या बाईंनी ना मान वर केली ना काही विचारले. शिक्का मारून कागद पुढे सरकवला. रांगेत मागे खूप लोक होते.

फोंडा, महाविद्यालयीन विद्यार्थिनी

पेडण्याच्या सरांना विचारायचे आहे. आम्ही चौघी जणी थंडीत किनारा चालणार आहोत. गुडघ्याचे वाचल्यावर असे वाटते की पोळेहून उत्तरेकडे निघाले तर बरे पडेल का?

पेडणे, भूगोलाचे शिक्षक

उत्तरेकडे निघालात तर समुद्र डाव्या हाताला येईल आणि डावा पाय खाली पडेल. गुडघा बदलेल, दुखणे तेच राहील. दिशेपेक्षा ओहोटीचे वेळापत्रक महत्त्वाचे, ते तिथीवरून घरच्या घरी मांडता येते. नोव्हेंबरपासून मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग येथे कासवांच्या विणीचा काळ सुरू होतो. तिथे अंधारात विजेरी लावून चालू नका आणि कुंपण घातलेल्या जागेच्या वरच्या बाजूने जा. आणि जुवारी कशी ओलांडणार, ते निघण्यापूर्वी चौघींनी मिळून ठरवा. माझ्यासारखी लाल शाई राहिली तर चौघींमध्ये भांडण होईल.