चाक नाही, नुसती बोटं : मातीकामातली तुमची पहिली फजिती

वीस वर्षं जलरंगात काम करतेय, जूनपासून हाताने भांडी घडवायला शिकतेय, म्हणजे मातीच्या लांब वळ्या एकावर एक रचायच्या, लाटणं आणि बोटं. चित्र येतं तर हे जमेलच असं वाटलेलं. पहिल्या मगचा कान करंजीची कड मिटवतो तसा पाणी लावून चिकटवला आणि वाळताना गळून पडला! दोन्हीकडे ओरखडे मारून मध्ये स्लिप, म्हणजे त्याच मातीचा दाट चिखल, लावायचा असतो हे नंतर कळलं. त्यात पुण्याचा पाऊस, कडा कोरड्या अन् तळ ओलाच, मग तडा. आता कडेला प्लास्टिक गुंडाळून पालथं ठेवते. मला एकटीलाच असं होतंय का, लिहा ना.

---

एकट्या नाही हो ताई. माझं भांडं पहिल्याच भाजणीत फुटलं, शेजारणीच्या दोन वाट्या घेऊन. सगळे म्हणे नीट मळलं नाहीस, हवेचा बुडबुडा राहिला. अहो कसला बुडबुडा, बूड जाड होतं, आत ओल होती, शंभर डिग्रीला तिची वाफ झाली आणि बाहेर पडायला वाट नाही. आता भट्टीत द्यायच्या आधी गालाला लावून बघतो, गार लागलं तर अजून चार दिवस.

---

मी पेंटर, सो माझा घोळ ग्लेझमध्ये, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा भांड्यावरचा लेप. कोबाल्टचं ग्लेझ बादलीत चक्क गुलाबीसर, भाजल्यावर निळं. मी आपलं ब्रशने मस्त शेड्स काढत बसले, १२०० डिग्रीच्या वर सगळं वितळून एक झालं. आणि माती १२ टक्के आकसते हे लक्षातच घेतलं नव्हतं, नवऱ्यासाठी केलेला मोठा मग कटिंगचा निघाला 😄

---

घरी शाडूचा गणपती करतो दरवर्षी, म्हणून जास्तच कॉन्फिडन्स होता. पण गणपती भाजायचा नसतो, पाण्यात विरघळायलाच हवा, त्यामुळे चीर पडली की ओली माती लिंपायची सवय. भांड्याला तसं केलं, लिंपलेलं वाळताना आकसून सुटलं. वळ्यांचंही तेच, तीन-चार रचल्या की थांबायचं, खालचं घट्ट व्हायच्या आत वर चढवलं की भांड्याचं पोट सुटतं, माझ्यासारखं.

---

गालाची आयडिया आजच करते. कालचा कान अजून जागेवर आहे.