मदत हवी आहे: शिबारीची सुरुवात – दोरी, पहिली गाठ आणि अंगठ्याला येणाऱ्या मुंग्या

प्रश्न (सायली_रात्र):
आम्ही नवराबायको शिबारी (दोरीनं शरीर बांधायची जपानी कला) शिकतोय. पडद्याची 8 मिमी सुती दोरी वापरली. तीन अडचणी आहेत. गाठ ओढली की मनगटाभोवती आवळत जाते. नंतर ती सुटता सुटत नाही. आणि हात पाठीमागे घेऊन छातीवरून बांधायचा प्रकार केला, तर मनगटं सैल असूनही दहा मिनिटांत अंगठ्याच्या मागच्या बाजूला मुंग्या येतात. नेमकं काय चुकतंय?

उत्तर (गाठोडं):
आधी मुंग्यांचं बघू, कारण बाकी दोन चुका दुरुस्त व्हायला वेळ लागला तरी चालेल, हिला चालणार नाही.

तुम्ही बांधताय ते ताकाते-कोते. दिसायला देखणं, पण नवशिक्यांसाठी नाहीच. त्यात दंडावरून वेढे जातात आणि रेडियल नर्व्ह (हाताची एक नस, मज्जातंतू) दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून कोपराच्या वर बाहेरच्या बाजूला येते. तिथे तिच्या आणि दोरीच्या मध्ये फारसं मांस नसतं. म्हणून मनगट सैल असूनही अंगठा बधिर होतो.

दाब कुठे आहे हे लगेच ओळखता येतं. बांधलेल्या माणसाला पंजा मनगटातून मागे उचलायला सांगा, तुम्ही बोटांनी हलका विरोध करा. पंजा उचलता येत नसेल किंवा जोर कमी वाटत असेल, तर दाब दंडावर आहे. जोर पूर्ण आहे पण अंगठ्यामागची कातडी बधिर आहे, तर बहुधा मनगटाजवळ त्याच नर्व्हची कातडीलगतची फांदी दबतेय. दोन्ही वेळा दोरी तिथल्या तिथे काढायची, 'अजून दोन मिनिटं' म्हणायचं नाही. हात जांभळा-गार पडणं ही रक्तपुरवठ्याची खूण. ते सोडल्यावर सहसा लवकर पूर्ववत होतं. नर्व्हची इजा मात्र काही मिनिटांत होऊन आठवडे, कधी महिने राहते, आणि ती होताना दुखेलच असं नाही. सोडल्यावरही पंजा उचलता येत नसेल तर डॉक्टरांकडे जा आणि दोरीचं खरं सांगा.

उत्तर (तागवाला):
गाठ सुटत नाही कारण सुती दोरी ताण पडला की लांबते, दबते आणि गाठ आत रुतते. नायलॉन उलट सरकतं आणि वेगानं ओढलं तर कातडी भाजतं. काथ्या तर नकोच. ताग घ्या: 6 मिमी, तीन पदरी, 7 ते 8 मीटरचे तुकडे, सुरुवातीला दोन पुरेत. ताग आपल्याकडे बंगालात पिकतो, पण हार्डवेअरच्या दुकानातली सुतळी नको. कारखान्यात तंतूंना खनिज तेल लावलेलं असतं, तिला रॉकेलसारखा वास येतो आणि कातडीला खाज सुटते. वास नसलेली, न रंगवलेली दोरी घ्या. वरचे केस गॅसच्या ज्योतीवरून भरभर फिरवून जाळा, फडक्यानं काजळी पुसा, मग तळहातावर जोजोबा तेलाचे चार-पाच थेंब घेऊन दोरी मुठीतून ओढा. तेल जास्त झालं की गाठ धरत नाही.

आता आवळण्याचं. दोरी मधोमध दुमडा. दुमडलेल्या टोकानं मनगटाच्या सांध्यावर नाही, त्याच्या दोन-तीन बोटं वर कोपराकडे दोन वेढे घ्या. दुहेरी दोरी, म्हणजे चार पट्टे, शेजारी शेजारी. एकावर एक चढला की सगळा भार त्या एकावर येतो. उलगडा, पुन्हा घ्या. मग ते टोक लांब दोरीवरून पलीकडे टाकून सगळ्या वेढ्यांखालून हाताच्या लांबीत बाहेर काढा आणि वर रीफ नॉट (चौकोनी गाठ) मारा. तुम्ही बहुतेक वरच्याच वेढ्याखालून काढताय, त्यामुळे दुसरा मोकळा राहतो आणि ओढलं की फास होतो. आधी स्वतःच्या मांडीवर बांधून लांब दोरी जोरात ओढा. वेढे हलले नाहीत तरच दुसऱ्याच्या हातावर. वेढ्यांखाली एक बोट आरामात जायला हवं.

सायली_रात्र:
मग सुरुवातीला छातीवरचं सोडूनच देऊ का?

गाठोडं:
हो. हात पुढे घेऊन नुसती मनगटं, किंवा मांडी आणि नडगी एकत्र. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला खालचं हाड हाताला लागतं, त्यावर दोरी नको. तिथून जाणारी नर्व्ह दबली तर पाऊल उचलता येत नाही. गळ्याभोवती दोरी कधीच नाही. टांगणं शिक्षकाशिवाय नाही. दारू प्यायल्यावर नाही. बोथट टोकाची बँडेज कापायची कात्री हाताशी ठेवा, बांधलेल्या माणसाला सोडून पाणी आणायलाही जाऊ नका.

मधुमेह, जुनी खांदेदुखी, मनगटाचा त्रास हे आधी विचारा. थांबायचा शब्द ठरवा, पण त्यावरच विसंबू नका, तंद्री लागली की माणूस बोलत नाही. दर दोन-तीन मिनिटांनी बांधलेल्याचा हात हातात घ्या आणि त्याला तुमचं बोट दाबायला सांगा.

जपानच्या एदो काळात (1603–1868) कैदी बांधायची होजोजुत्सू ही विद्या होती. तिच्यातून आणि नाट्यचित्रांतून चित्रकार इतो सेइउ (1882–1961) यांनी या बांधणीला शृंगाराचं रूप दिलं. जपानीत 'शिबारी' म्हणजे साधं बांधणं, 'किनबाकू' म्हणजे घट्ट बांधणं, पण हे 'घट्ट' दोघांमधल्या जवळिकीचंही आहे. म्हणून सोडणंही बांधण्याइतकंच सावकाश करा. शेवटची गाठ आधी, दोरी कातडीवरून खसकन ओढायची नाही, वेढ्याखाली बोट घालून सरकवायची. पाठीमागचे हात एकदम पुढे आणू नका, खांदा धरून आणा.