एपीओई-४ असलेल्या ज्येष्ठांना स्मरणशक्तीच्या गोळ्या द्याव्यात का?

धागाकर्ती: एपीओई जनुकाचा ई४ प्रकार अंगात असला की अल्झायमरचा धोका वाढतो. आई आणि वडील दोघांकडून आला असेल तर फारच. चाचणीत तो निघाला की घरचे घाबरून पूरक गोळ्या सुरू करतात. माझा याला ठाम विरोध आहे. अमेरिकेत पंचाहत्तरी गाठलेल्या ३,०६९ जणांवर गिंकोची, म्हणजे स्मरणशक्तीसाठी विकल्या जाणाऱ्या एका झाडाच्या पानांच्या अर्काची, चाचणी झाली. २००८ मध्ये निकाल आला, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) टळला नाही.

प्रतिसाद १: गिंकोचा राग माशांच्या तेलातल्या ओमेगा-३ वर कशाला? २०२४ ची चाचणी बघा. रक्तात ओमेगा-३ कमी आणि मेंदूच्या श्वेतद्रव्यात (मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंत) इजा असलेले १०२ ज्येष्ठ, तीन वर्षं. एकूण गटात ठळक फरक पडला नाही हे मान्य, पण ई४ असलेल्यांमध्ये चेतातंतूंची झीज मंदावलेली दिसली. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला 'पक्का पुरावा येईपर्यंत थांबा' असं कोणत्या तोंडानं सांगायचं?

धागाकर्ती: झीज स्कॅनवर मंदावली. घरच्यांना हवी असते ती आठवण, आणि ती टिकल्याचं त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय २०१० मध्ये ४०२ अल्झायमर रुग्णांना डीएचए (ओमेगा-३ चाच एक प्रकार) दिलं, तेव्हा जो थोडाफार फायदा दिसला तो ई४ *नसलेल्यांत*. उपगटांचे आकडे असे उलटसुलट येतात, म्हणूनच त्यांच्यावर विसंबू नये.

प्रतिसाद १: तिथे आजार आधीच जडलेला होता, इथे तो यायचा होता. दोन्ही एका तागडीत कसे घालता?

प्रतिसाद २: या वादात बी-१२ राहूनच गेलं. ते कमी असलं तरी विसरायला होतं, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते कमी होऊ शकतं. आधी रक्त तपासा. कमतरता निघाली तर तिथे गोळी हा उपचारच आहे, जनुक कोणतंही असो. आणि रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर गिंको डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच, रक्तस्रावाची भीती असते.

प्रतिसाद १: तपासणीला माझी ना नाही. ओमेगा-३ मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यावं, यावर मी ठाम आहे.

धागाकर्ती: मी नाही देणार. फिनलंडच्या १,२६० ज्येष्ठांच्या चाचणीत आहार, व्यायाम, बुद्धीला चालना आणि रक्तदाबावर लक्ष, हे सगळं एकत्र केलं. २०१५ चा निकाल: विचारशक्ती जास्त टिकली, आणि पुढच्या विश्लेषणात ई४ असलेल्यांनाही लाभ दिसला. गोळी सुरू झाली की घरचे निर्धास्त होतात आणि नेमकं हेच मागे पडतं.