क्वार्टर गेट चौक: हेरिटेज मंजुरीबद्दल मदत हवी आहे

पुण्यात नाना पेठेत सिटी चर्चजवळचा क्वार्टर गेट चौक पायी चालणाऱ्यांसाठी सुधारावा, म्हणून आम्ही रहिवासी महापालिकेला आराखडा देणार आहोत. चर्चला जागा मिळाली १७९२ मध्ये, सवाई माधवरावांच्या काळात. इतक्या जुन्या परिसरात नुसते पेव्हर ब्लॉक ठोकून चालणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

फुटपाथची मापं घेतली, रविवारच्या मिस्साची गर्दी मोजली, फेरीवाल्यांशी बोललो. त्यांना किंवा रिक्षा स्टँडला हलवायचं नाही, हे पक्कं. माहिती अधिकारात अर्ज केलाय, उत्तरासाठीचे ३० दिवस अजून संपायचेत.

चर्चच्या आवाराला हात लावणार नाही; फक्त बाहेरची फरसबंदी, झाडं, दिवे. एवढ्यासाठीही हेरिटेज समितीची मंजुरी लागते का? लागत असेल तर अर्ज आम्ही करायचा की पथ विभागाने?