'लॅटरल इनहिबिशन'ला मराठीत काय म्हणायचं?

वल्लरी: गर्भातल्या मेंदूत चेतापेशी कशा तयार होतात यावर बारावीच्या मुलांसाठी लिहितेय आणि एका जागी अडलेय. शेजारीशेजारी सगळ्या मूलपेशीच असतात, त्यातली एखादी चेतापेशी व्हायला निघाली की तिच्या अंगावर डेल्टा नावाचं प्रथिन वाढतं, ते शेजारणीच्या अंगावरच्या नॉच नावाच्या प्रथिनाला चिकटतं, नॉचचा आतला तुकडा तुटून केंद्रकात जातो, हेस नावाची जनुकं चालू करतो आणि हेस त्या शेजारणीला चेतापेशी होऊ देत नाहीत. हे झालं लॅटरल इनहिबिशन. मी 'पार्श्व निरोध' लिहिलं तर घरातला बारावीवाला लोळून हसला.

धोंडोपंत: हसणारच! एक तर पार्श्व, वर निरोध. तो शब्द सरकारनेच १९६८ साली कंडोमला देऊन बाद केला.

टिंब_टिंब: शेजारमज्जाव?

अक्षरशत्रू: मज्जाव फारसीकडचा वाटतो. 'पार्श्वप्रतिबंध' असताना उसनवारी कशाला?

टिंब_टिंब: काका, 'जनुक' कुठल्या वेदात आहे हो?

पेशीवाली: मुळात निरोध, प्रतिबंध म्हटलं की कायमची बंदी वाटते. उंदराच्या मूलपेशीत हेस-१ दर दोन-तीन तासांनी वरखाली होत असतं, म्हणजे पेशीला नुसतं थोपवून धरलेलं असतं, पुढे तिचीही पाळी येऊ शकते. नॉच काढून टाकलं तर सगळ्याच घाईघाईने चेतापेशी होतात आणि मूलपेशींचा साठा आटतो. मी 'शेजारथोप' म्हणेन, ऐकायला बरा नाहीये तरी.

वल्लरी: थोपवणं आवडलं, पण परीक्षेत चालेल का?

मावळतीकर: अवांतर: नॉचला सरळ 'खाच' का नाही म्हणत? फळमाशीच्या पंखाच्या कडेला खाच दिसली म्हणून तर जनुकशास्त्रज्ञ मॉर्गनच्या प्रयोगशाळेत ते नाव पडलं. आमच्या कोकणातलं भाताचं खाचर पण त्यातलंच.

धोंडोपंत: मग सॉनिक हेजहॉगचं काय करणार, साळिंदर? पाठीच्या कण्यातल्या चेतापेशी कुठे कुठल्या व्हायच्या ते ठरवणारं प्रथिन ते, नाव व्हिडिओ गेमवरून.

पेशीवाली: हेजहॉग म्हणजे साळिंदर नव्हे हो, तो वेगळा प्राणी.

अक्षरशत्रू: आणि खाचराचा खाचेशी काय संबंध? आमची खाचरं बांध घालून सपाट केलेली, खाच कुठाय त्यात?

मावळतीकर: उतार खाचूनच सपाट करतात ना! कधी कुदळ धरलीय का हातात?

अक्षरशत्रू: कुदळीचं राहू द्या, व्युत्पत्तीचा पुरावा द्या.